शुभ्रतेचा नेम

उन्हाळी सुटीत स्पेनला जाऊन येणारी कुटुंबे आता आपल्या वरळी-दादरच्या इमारतींत नवलाची राहिलेली नाहीत. परतल्यावर ती जी छायाचित्रे दाखवतात, त्यांत माद्रिद-बार्सेलोनाच्या बरोबरीने डोंगरमाथ्यावरची एखादी पांढरीशुभ्र वस्ती हमखास असते. दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतात, कादिस आणि मालागाच्या मागच्या डोंगररांगांत अशी अनेक गावे आहेत. अर्कोस दे ला फ्रोंतेरा कड्याच्या टोकावर वसले आहे. रोंदाला खोल दरीने दुभंगले आहे आणि त्या दरीवरचा दगडी पूल १७९३ मध्ये पूर्ण झाला. सेतेनिलमध्ये तर घरांच्या डोक्यावर खडकाचेच छत आहे. अनेक गावांच्या नावांतील ‘फ्रोंतेरा’ म्हणजे सरहद्द. १४९२ मध्ये ग्रानादाचे मुस्लिम राज्य लयास जाईपर्यंत ही सरहद्दच होती. अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या त्या काळाची आठवण देतात आणि गावावर उभे असलेले चर्च नंतरच्या काळाची.

ही गावे पांढरी का, याचे उत्तर एका शब्दात देता येते: चुना. चुना ऊन परतवतो, भिंत गार ठेवतो, जंतूंना आळा घालतो. साथीच्या दिवसांत तेथील घरे चुन्याने पुन्हा पुन्हा सारवली जात. पण चुना टिकत नाही. पाऊस त्याला धुऊन नेतो, ऊन त्याची भुकटी करते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी किंवा गावच्या उत्सवापूर्वी घरातील स्त्रिया कुंचा हाती घेत आणि भिंतीवर नवा हात फिरवीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे थर साचून भिंतींचे कोपरेदेखील गोलसर झालेले दिसतात.

ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवून आता आपल्या जवळच्या एका शुभ्र डोंगराकडे वळू. श्री क्षेत्र मुक्तागिरी मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात, पण महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर आहे. तेथे जाण्याची वाट आपल्या विदर्भातूनच जाते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी अमरावती गाठावी, तेथून परतवाडा आणि पुढे मुक्तागिरी. अमरावतीपासून हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर भरते. पायथ्याशी धर्मशाळा आहे. पहाटे पायऱ्या चढू लागले की सातपुड्याच्या हिरव्या कुशीत एकेक पांढरे शिखर, एकेक घुमट उलगडत जातो. मंदिरे बावन्न. त्यांच्या मधोमध कड्यावरून एक ओढा खाली झेपावतो. पावसाळ्यात त्याचा नाद मंदिरांतील पूजेच्या स्वरांत मिसळतो, तर उन्हाळ्यात केवळ काळा कडा उरतो आणि मंदिरांची शुभ्रता अधिकच उठून दिसते.

प्राकृत निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेंढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मुक्त झाल्याचा उल्लेख आहे. ध्यानस्थ मुनींसमोर कोसळलेल्या मेंढ्याला अंतसमयी णमोकार ऐकावयास मिळाला आणि तो देवगतीस गेला, ही कथा पायऱ्या चढताना आजही वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात. दहाव्या क्रमांकाचे मंदिर खडकात कोरलेले असून फार जुने आहे. सव्विसाव्या क्रमांकाचे पार्श्वनाथ मंदिर हे यात्रेचे मुख्य स्थान. बाकीची बहुतेक मंदिरे मात्र गेल्या चार-पाच शतकांतील आहेत, आणि त्यांच्याकडे निरखून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. कित्येक मंदिरांवर नागर शिखराऐवजी गोल घुमट आहे. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकातच या स्थळाच्या सौंदर्याबरोबर या घुमटांचीही नोंद घेतली होती. जवळचे अचलपूर हे वऱ्हाडच्या इमादशाहीचे ठाणे होते. त्या मुलखातील गवंड्यांच्या हाताला घुमटाची सवय जडलेली असावी, आणि आपल्या पूर्वजांना त्यात काही वावगे वाटले नसावे. स्पेनच्या त्या सरहद्दीवरील गावांप्रमाणे येथेही दोन परंपरांचे हात एकाच भिंतीवर फिरलेले दिसतात आणि वरच्या पांढऱ्या रंगाखाली ते सुखाने नांदतात.

आता या शुभ्रतेचे काय होणार, हा प्रश्न केवळ मुक्तागिरीचा नाही. तो आपल्या प्रत्येक जुन्या क्षेत्राचा आहे. जीर्णोद्धाराचे काम निघाले की समाजातून निधी सढळ हाताने येतो. दात्याची भावना निर्मळ असते. मात्र त्या निधीतून पुष्कळदा सिमेंटचा गिलावा होतो, चकचकीत फरश्या बसतात, तैलरंगाचे थर चढतात. ‘एकदाच करू, पुन्हा बघायला नको,’ हे वाक्य अशा बैठकांत हमखास ऐकू येते. जुन्या वास्तूचे खरे नुकसान या वाक्यातून सुरू होते.

कारण समजून घेणे अवघड नाही. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवला की त्यातील वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की उकळ्या फुटतात व मऊ लगदा तयार होतो. भिंतीवर लावल्यावर तोच चुना हवेतील वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. असा गिलावा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात दगडी भिंतीत मुरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. सिमेंट आणि तैलरंग ही वाट बंद करतात. ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात आणि कित्येकदा जुन्या दगडाचा पृष्ठभागही त्यांच्याबरोबर निखळतो. सातपुड्यातील धो-धो पावसात शतकानुशतके उभ्या असलेल्या भिंतीसाठी ‘कायमचा’ उपाय हाच सर्वांत अल्पायुषी ठरू शकतो.

अंदालुसियातील दोन गावांची उदाहरणे येथे बोलकी आहेत. हुस्कार हे छोटे गाव २०११ मध्ये ‘स्मर्फ’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी निळे रंगवण्यात आले. नंतर ते पुन्हा पांढरे करण्याचे ठरले होते, पण पर्यटक वाढल्याने गावकऱ्यांनी मतदान करून निळाच रंग ठेवला. त्याच वर्षी मोरोन दे ला फ्रोंतेरा येथील पारंपरिक चुनाभट्ट्यांच्या पुनरुज्जीवनाला युनेस्कोने वारसाजतनाचा आदर्श म्हणून मान्यता दिली. पर्याय दोन्ही गावांपुढे होते; निवड ज्याची त्याने केली.

चुना आपल्यालाही परका नाही. मुंबईतील चुनाभट्टी हे नावच त्याची साक्ष देते. परळ-लालबागच्या चाळींत दिवाळीपूर्वी चुन्यात थोडी नीळ व डिंक घालून सफेदी करण्याची रीत आजी-आजोबांच्या स्मरणात ताजी आहे.

तेव्हा मुक्तागिरीस अवश्य जावे. पावसाळ्याच्या अखेरीस गेल्यास धबधबाही पाहता येईल. पायऱ्या सकाळीच चढाव्यात, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून विसावा घेता येतो. आणि कोणत्याही क्षेत्राच्या जीर्णोद्धारासाठी दान देताना विश्वस्तांना विनयाने तीन प्रश्न विचारावेत. जुन्या भिंतीवर सिमेंट लावणार की चुना? तो चुना दगडाचा की शिंपल्यांचा, आणि मसाल्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांऐवजी अंड्यासारखा वर्ज्य पदार्थ तर जाणार नाही ना? तिसरा प्रश्न महत्त्वाचा: दर दोन-तीन वर्षांनी नवा हात फिरवण्यासाठी निधी राखून ठेवला आहे काय? नामफलकासाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या सफेदीसाठी देणाऱ्याचे नाव भिंतीवर राहत नाही, कारण ते दर पावसाळ्यात धुऊन जाते. पण ती भिंत मात्र त्याच्यामुळे उभी राहते.