विमान एक तासाचं, अक्कलकोटकराला लागतात सहा!

मंडळी, मोबाईलवर सोलापूर-मुंबई हवाई अंतर टाकून बघा. सरळ रेषेत साधारण ३६० किलोमीटर, विमानाला तासभर. रेल्वेने तेच अंतर ४५५ किलोमीटर. वाचायला झकास वाटतं.

आता अक्कलकोटच्या स्टँडवर या आणि तिथून घड्याळ लावा. एसटीची वाट बघणे अर्धा तास. वळसंग, कुंभारी करत सोलापूर, सव्वा तास. तिथून होटगी रोडच्या विमानतळापर्यंत रिक्षा. झाले की दोन तास! उड्डाणाच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणजे दीड तास आधी पोचायलाच हवं. मग एक तास हवेत. मुंबईत उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि परळच्या दवाखान्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये आणखी एक. करा बेरीज. सहा तास! वंदे भारत सोलापूरहून साडेसहा तासांत सीएसएमटीला सोडते, तीही कितीतरी कमी पैशात. (ती पहाटेची गाडी गाठायला आपल्याला साडेचारला घर सोडावं लागतं, ते दुखणं वेगळंच.)

विमानाला माझा विरोध नाही, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. या विमानासाठी सोलापूरने किती वर्षं वाट बघितली ते आम्ही बातम्या लिहून लिहून पाहिलंय. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यात पाणी होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. प्रवाशांच्या आसनामागे सरकारी तिजोरीतून मदत द्यायचंही ठरलं. म्हणजे त्या तिकिटात आपलाही पैसा आहे. मग जमिनीवरच्या चाळीस किलोमीटरचा विचार कोणी करायचा?

आमच्या गल्लीतले एक काका दर तीन महिन्यांनी तपासणीला मुंबईला जातात. त्यांना विमानाचं विचारलं तर म्हणाले, "बाबा, विमानात बसायला जमेल रे, विमानापर्यंत जायला जमत नाही." खासगी गाडी केली तर दोन्ही बाजूंचं भाडं ऐकूनच माणूस परत रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसकडे वळतो.

तिकडून स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्या भक्ताचंही तेच. तासाभरात सोलापुरात उतरतो आणि विमानतळाच्या गेटवर बॅग धरून विचारतो, अक्कलकोटला कसं जायचं?

मागणी साधी आहे. मुंबईचं विमान ७६ आसनांचं. त्याच्या वेळेला जोडलेली एक एसटी, जाताना अक्कलकोट स्टँडवरून थेट विमानतळ, येताना विमान उतरल्यावर अर्ध्या तासाने थेट वटवृक्ष मंदिर. विमानाला उशीर झाला तर गाडीने थांबायचं. नवा रस्ता नको, भूसंपादन नको, फीत कापायलाही कोणी यायला नको.

अर्ज लिहून ठेवलाय. सही करणाऱ्यांनी मेसेज करा. जे विमानाने जाऊन आलेत त्यांनी घराच्या उंबऱ्यापासून मुंबईत पोचेपर्यंत किती तास लागले ते खाली लिहा, अर्जाला जोडतो. तिकिटावरची वेळ लिहू नका राव, ती आम्हालाही दिसते.