आग्रा रस्त्यावरील दिवे

मागील अंकात गावी येणाऱ्या पाहुण्यांविषयी लिहिताना कीर्तनकार, पुराणिक व भिक्षुक यांचा उल्लेख केला होता. त्यावर एका वाचकभगिनीने विचारले आहे की, अगदी परमुलखीचा असा पाहुणा आपल्या पाहण्यात कधी आलाच नाही काय? आला, परंतु तो थांबला नाही. डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच दृष्टीआड झाला, आणि तो कोण असावा हे कळावयास मला सत्तेचाळीस वर्षे लागली.

गोष्ट १९६८ सालच्या मार्गशीर्षातील. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमचे चारठाणा म्हणजे जुन्या देवळांचे आणि बारवेचे गाव. जिंतुराकडे जाणाऱ्या एस. टी.पेक्षा अधिक वेगवान असे काही आम्हा मुलांस ठाऊक नव्हते. मावशीचे लग्न ठरले, म्हणून आईबरोबर आजोळी धुळ्यास जाणे झाले. जालन्यापर्यंत एस. टी., पुढे मनमाडपर्यंत लहान रुळांची आगगाडी आणि तेथून मालेगाववरून पुन्हा एस. टी. असा तो प्रवास दीड दिवसाचा झाला. लग्नघरी पोहोचलो तो तेथे मांडवापेक्षा मोटारींचीच चर्चा अधिक.

लंडनपासून सिडनीपर्यंत मोटारींची शर्यत निघाली होती. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ पत्राने सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्राच्या साहाय्याने ती योजिली होती आणि पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे होते. २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून ९८ मोटारी निघाल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली अशी ती वाट मुंबईस येई. तेथून ‘चुसान’ आगबोटीने ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, आणि मग पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा रस्ता. एकूण अंतर सुमारे १६,००० किलोमीटर. दिल्ली ते मुंबई या टप्प्यास तेवीस तासही पुरते दिलेले नव्हते. हा टप्पा धुळ्याच्या आग्रा रस्त्यावरून जाणार, म्हणून मामांच्या पायांस भिंगरी लागली होती.

आजोबांना, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू, हा प्रकार मुळीच रुचला नाही. “कोणाच्या घरी कोणी आजारी आहे म्हणून धावणे समजते,” ते म्हणाले, “पण ही माणसे कोणासाठी धावताहेत?” मामा काही बोलले नाहीत. दिवेलागणीनंतर हळद दळण्याचा गलबला चालला असता त्यांनी मला खुणेने बाहेर बोलाविले, सायकलच्या दांडीवर बसविले, आणि पांझरेचा पूल ओलांडून आम्ही गावाबाहेरच्या एका वळणाशी जाऊन उभे राहिलो. शुद्ध पक्षाचे चांदणे होते, थंडी मी म्हणत होती. रस्त्याच्या दोहो बाजूंस माणसांची रांग. कोणी घोंगडी पांघरून, तर कोणी पोर खांद्यावर घेऊन. एवढी माणसे मी जत्रेतच पाहिली होती.

मोटारी लागोपाठ येत नव्हत्या. एक जाई, मग बराच वेळ नुसता अंधार. लोक कंटाळून परतू लागत, तोच दुरून आवाज येई आणि सारे पुन्हा रस्त्याकडे धावत. मला आज स्पष्ट आठवते ती एकच मोटार. तिचे नाक माशासारखे निमुळते होते, आणि वळण आले तेव्हा तिचे दिवे गाडीच्या आधी वळले. अंग अजून सरळ आणि दृष्टी मात्र वळणापलीकडे, असे. “मामा, ती गाडी बघते!” मी ओरडलो. मामांनीही ते पाहिले होते. घरी परतल्यावर अण्णा ओसरीवरच बसलेले होते. ते मला काही बोलले नाहीत. मामांना मात्र लग्न होईपर्यंत बाजाराच्या एकाही कामास पाठविले नाही, आणि त्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती.

पुढे शिक्षक झालो, आणि या शर्यतीच्या शेवटची हकीकत माझ्या वर्गाच्या कामी आली. सिडनी जेमतेम दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर राहिले असता सर्वांच्या पुढे असलेली फ्रेंच सित्रोएन मोटार समोरून आलेल्या एका लहान मोटारीवर आदळली. सामान्य वाहनांस बंद असावयास हवा, अशा रस्त्यावर ती लहान मोटार आली होती. मागून येणारा आयरिश चालक पॅडी हॉपकर्क थांबला, त्याने व त्याच्या सोबत्यांनी आग विझविली आणि जखमींची सोय पाहिली. शर्यत जिंकली ती स्कॉटलंडच्या अँड्र्यू कोवनने, हिलमन हंटर मोटारीत. हॉपकर्क दुसरा आला. ‘थांबला म्हणून त्याचा पहिला क्रमांक गेला’, असे मी दर वर्षी मुलांना सांगत असे. छापील मजकुरातही कित्येक ठिकाणी तसेच आढळते. पण मागाहून तपशील वाचला तेव्हा दिसले की, त्या टप्प्यात हॉपकर्कचाही गुण कापला गेला नाही आणि कोवनचाही नाही. शेवटी कोवनचे ५० गुण कापलेले, हॉपकर्कचे ५६. कोवनही वेग कमी करून थांबू पाहत होता, पण सारे ठीक आहे अशी खूण करून त्यास पुढे जाऊ दिले. म्हणजे मी दर वर्षी एका भल्या माणसाच्या पदरी त्याने न केलेला त्याग बांधीत होतो आणि दुसऱ्यास उगाच हलका करीत होतो. गाडीतून उतरताना आपले किती गुण जातील हे हॉपकर्कला ठाऊक नव्हते, एवढे सांगितले असते तरी पुरे होते. जी मुले तो धडा घेऊन गेली ती आता स्वतः आजोबा-आजी होण्याच्या वयास आली आहेत; दुरुस्ती पाठवावी तर कोठे?

२०१५ सालच्या जुलैत ज्यूल बियांकी नावाच्या पंचविशीतील फ्रेंच शर्यतपटूच्या मृत्यूची बातमी आली. आदल्या ऑक्टोबरात जपानातील शर्यतीत त्यास अपघात झाला होता. त्याच्या घराण्याची माहिती वाचताना मी थबकलो. त्याच्या आजोबांचा भाऊ ल्यूसियाँ बियांकी: मूळचा मिलानचा, बेल्जियममध्ये वाढलेला. १९६८ च्या सप्टेंबरात पेद्रो रॉद्रिगेझबरोबर फोर्ड मोटार चालवून त्याने फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. स्पोर्ट्‌स मोटारींच्या जगात याहून मोठा मान क्वचितच. एरवी ती शर्यत जूनमध्ये होते. त्या वर्षी फ्रान्समधील संप व दंगलींमुळे लांबली होती. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी हा माणूस जाँ-क्लोद ओजिए यास बरोबर घेऊन सित्रोएनमधून आमच्या आग्रा रस्त्याने गेला होता. सिडनीच्या उंबरठ्यावर चिरडली ती त्यांचीच मोटार.

त्या जातीच्या मोटारींना पोलादी कमानींऐवजी तेल व वायू यांनी भरलेले गोळे असत, त्यामुळे खाचखळग्यांतही त्या तरंगल्यासारख्या चालत. आणि १९६७ च्या अखेरीपासून निघालेल्या नव्या मोटारींत आतले दिवे सुकाणूबरोबर वळत असत! हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. शर्यतीत सित्रोएन एकाहून अधिक होत्या, तेव्हा आम्ही पाहिली ती बियांकीचीच, असे मी शपथेवर सांगणार नाही.

त्याच दिवाळीत धुळ्यास गेलो. मामांचे वय तेव्हा ऐंशीच्या पलीकडे, ऐकू कमी येई. दिव्यांचे ऐकून ते खुलले; “अण्णांना सांगायला हवे होते,” म्हणाले. मग मी अपघाताचे सांगितले, आणि पुढचेही: त्यातून बरा होऊन तो माणूस लगेच पुन्हा सुकाणूवर बसला आणि ३० मार्च १९६९ रोजी त्याच ल माँच्या रस्त्यावर मोटारीची चाचणी घेत असता खांबावर आदळून गेला. वय चौतीस.

मामा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “त्याच्या घरी कोण होतं रे?”

“भाऊ होता, मामा. तोही शर्यतवालाच. हा जिंकला त्याच शर्यतीत त्या भावाची मोटार पेटून तो फार भाजला होता. पण जगला. त्याचाच हा नातू, आत्ता गेला तो.”

“म्हणजे भावाने दोघांनाही पोचवलं,” मामा म्हणाले, आणि मामीला हाक मारून त्यांनी दिवा लावावयास सांगितले.