मुक्काम किती दिवसांचा?

दिवाळी आटोपते, लाभपंचमीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि व्यापारी घरांतून नाताळच्या सुट्टीचा विषय निघू लागतो. कोठे जावे, यावर चार संध्याकाळी चर्चा रंगते. किती दिवस जावे, हे मात्र दुकान ठरवते. गल्ल्यावर बसण्याच्या भावाभावांच्या पाळ्या, लग्नसराईची गिऱ्हाइके, २० तारखेचे जी.एस.टी. विवरणपत्र या साऱ्यांतून वाट काढून चार रात्री हाती लागतात. मग त्या चार रात्रींत जास्तीत जास्त गावे कशी बसवावीत, याचा हिशेब सुरू होतो. एका गावी किती दिवस राहावे, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. यंदाच्या सुट्टीपूर्वी त्याचाच थोडा विचार करू.

उदाहरणासाठी डहाणू-तलासरीचा परिसर घेऊ. मुंबईतील एखादे एकत्र कुटुंब, आजी, दोन भाऊ, त्यांच्या पत्नी आणि चार मुले, पाच दिवसांसाठी निघाले आहे असे समजा. पहिला आराखडा सहसा असा होतो: एक रात्र डहाणू, एक दमण, एक सिल्वासा, एक सापुतारा. नकाशावर ही गावे जवळ दिसतात आणि खर्चाच्या मानाने चार ठिकाणे पदरात पडल्याचे समाधान मिळते.

आता याचा जमाखर्च मांडून पाहू. पहिला आणि शेवटचा दिवस येण्याजाण्याचा. उरले मधले तीन दिवस, आणि त्या तिन्ही दिवशी मुक्काम हलवायचा आहे. सकाळी नवकारशीनंतर न्याहारी, बॅगा भरणे, आजींची औषधे तपासणे, खोली सोडणे, प्रवास, नवी खोली हाती येईपर्यंत दुपार, मग भोजन. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्यांना साडेपाचपर्यंत संध्याकाळचे जेवण उरकावे लागते. म्हणजे गाव पाहायला उजेडाचे जेमतेम अडीच-तीन तास उरतात. तीन दिवसांचे मिळून आठ-नऊ तास. तेच तीन दिवस एका गावी काढले, तर दुपारचे भोजन व विश्रांती वजा जाता रोज सात-साडेसात तास, म्हणजे एकूण बावीस तास हाती येतात. खोल्यांचे भाडे जवळजवळ तेवढेच, गाडीचे इंधन मात्र कमी. ज्या व्यवहारात तेवढ्याच रकमेत अडीचपट माल मिळतो, तो आपण दुकानात सोडून देऊ काय?

या हिशेबात स्वयंपाकघराची बाजू तर अजून धरलेलीच नाही. कांदा-लसूण नको, बटाटा-गाजर नको, पाणी उकळलेले हवे, जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, हे प्रत्येक नव्या ठिकाणी नव्याने समजावून सांगावे लागते. पहिल्या दिवशी आचारी गोंधळतो, दुसऱ्या दिवशी त्याला अंदाज येतो आणि तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन विचारतो की आज आजींसाठी मुगाची खिचडी करू का? रोज गाव बदलणाऱ्याच्या वाट्याला सगळीकडे पहिलाच दिवस येतो. घरातील स्त्रिया प्रवासात डबे आणि खाकऱ्यांच्या पिशव्या वाहून का थकतात, याचे एक कारण येथे सापडेल.

मुक्कामाच्या मुदतीचा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पावसाळा वगळता उरलेल्या आठ महिन्यांत भगवान महावीर खेड्यात एक रात्र आणि नगरात पाच रात्री राहत, असे वर्णन कल्पसूत्रात आहे. पुढे साधूंसाठी एका ठिकाणी जास्तीत जास्त एक महिन्याचा मासकल्प आणि पावसाळ्यात चार महिन्यांचा चातुर्मास अशी मर्यादा रूढ झाली. तीमागे दोन कारणे स्पष्ट दिसतात. एके ठिकाणी फार राहिल्याने माणसांचा व वास्तूचा मोह जडतो, म्हणून निघायचे. आणि पावसाळ्यात वाटेवर जीवोत्पत्ती होते, म्हणून थांबायचे. मुंबई आणि गुजरात यांच्यामध्ये पायी विहार करणारे साधू-साध्वी तलासरीच्या महामार्गावर आजही दिसतात. गृहस्थाने त्यांचे नियम जसेच्या तसे उचलावेत असे नाही. मात्र त्यातून एवढे घ्यावे की मुक्कामाची मुदत ही विचारपूर्वक ठरवण्याची गोष्ट आहे. खेडे आणि नगर यांत तेथे भेद केला आहे, ऋतूचाही विचार केला आहे. आपणही ठिकाण, ऋतू आणि सोबतची माणसे पाहून दिवस ठरवावेत.

डहाणूला किती दिवस लागतात? प्रथम समुद्र पाहू. डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि मैलभर ओली वाळू उघडी पडते. भरतीला तेच पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेने परत येते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एक संध्याकाळ थांबणाऱ्याला यांतले एकच रूप दिसते. तीन दिवस थांबणारी मुले वेळा लिहून ठेवतात, चौथ्या दिवसाची वेळ आधीच सांगतात आणि चंद्राचा व पाण्याचा संबंध त्यांना पुस्तकाविना कळतो.

नंतर चिकूच्या बागा. इराणी आणि पारशी बागायतदारांनी नावारूपाला आणलेल्या या फळाला ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावरून उतरवलेला चिकू कडक असतो, त्यातून चीक निघतो आणि तो खाण्याजोगा व्हायला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशी बागेत मुलांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली फळे खोलीत ठेवली, तर निघण्याच्या सुमारास ती मऊ पडू लागतात. फळांचा वा किराण्याचा धंदा असणाऱ्या घरातील मुलांनी तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणे आणि माल रवाना होणे हे पाहण्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. नाशवंत मालाच्या व्यापारात वेळेचे मोल काय असते, हे त्यांना तेथे समोर दिसेल. बागा आणि हिरवाई येथे टिकून आहे, याचे एक कारण असे की केंद्र शासनाने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्यानंतर हा किनारा बदलण्याच्या उंबरठ्यावर आहे.

बोर्डीजवळ बारडाच्या डोंगरावर बहारोटची गुंफा आहे. पारशी परंपरेनुसार संजाणवर आक्रमण झाले, तेव्हा पवित्र अग्नी येथे आणून १२ वर्षे सांभाळला गेला. पुढे वांसदा, नवसारी असा मुक्काम करीत तो १७४२ मध्ये गुजरात सीमेपलीकडील उदवाड्यास आला आणि अद्याप तेथेच आहे. डोंगराची चढण पायी आहे. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी सकाळीच निघावे. आजींनी त्या दिवशी बागेत बसावे. मुक्काम एकाच ठिकाणी असेल तरच घरातील माणसांना अशी वेगवेगळी सकाळ घालवता येते. रोज गाव बदलताना मात्र सर्वांना एकाच गाडीत, एकाच वेळी बसावे लागते आणि मग सर्वांत थकलेल्या माणसाची कुचंबणा होते.

कोसबाडच्या टेकडीलाही एक अर्धा दिवस द्यावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात जावे, या विचारातून अंगणवाडी व कुरणशाळा उभ्या राहिल्या. अनुताईंचे निधन १९९२ मध्ये झाले. आयुष्याची चार दशकांहून अधिक वर्षे त्यांनी याच परिसराला दिली.

तलासरीला जायचे ते केवळ महामार्गावर चहा घेण्यासाठी नव्हे. या तालुक्यातील झरी गावी मे १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीस नकार दिला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा काळ आला असून त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. लग्नासाठी थोडे कर्ज घेतलेला वारली ते फेडण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे धनकोच्या शेतावर राबे. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. त्या इतिहासात एका बाजूस जमीनदार, सावकार आणि जंगलांचे ठेकेदार होते. आपण देवघेव करणारी माणसे आहोत. कर्जाचे रूपांतर दास्यात कसे होते, हे आपल्या मुलांनी आपल्याकडून ऐकलेले बरे, आणि ते सांगण्यासाठी याहून योग्य जागा नाही. हे ऐकलेला मुलगा रस्त्यावर पानांच्या द्रोणात फळे विकणाऱ्या आदिवासी बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणार नाही.

वारली चित्रांचेही तसेच आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात. ती कला डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घाईत असलेला प्रवासी दुकानातून छापील चित्राचा कप घेतो. ज्याच्याकडे दुसरा दिवस आहे, तो चित्रकाराच्या पाड्यावर जातो, अंगणात बसतो, चित्र लिहून होण्याची वाट पाहतो आणि पैसे थेट त्याच्या हातात देतो.

हे सारे मोजले तर डहाणू-तलासरीस तीन पूर्ण दिवस, म्हणजे चार रात्री सहज लागतात. बोर्डी, घोलवड किंवा डहाणू यांपैकी एक ठिकाण धरावे व तेथूनच फिरावे. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर आहे आणि २०१३ पासून लोकल गाडी तेथपर्यंत जाते, त्यामुळे दुकानात राहिलेला भाऊ मधल्या एखाद्या दिवशी येऊन सर्वांसोबत जेवून परत जाऊ शकतो. रोजचे गाव बदलले की ही सोय संपते.

इतर कोणत्याही गावासाठी एक साधी पद्धत सुचवतो. येण्याचा आणि जाण्याचा दिवस मोजणीत धरू नये. घरातील प्रत्येक पिढीची एक इच्छा विचारावी आणि प्रत्येक इच्छेस अर्धा दिवस द्यावा. त्यात एक दिवस पूर्ण मोकळा मिळवावा. बेरीज हाती असलेल्या दिवसांपेक्षा जास्त आली, तर गावे कमी करावीत, इच्छा नव्हे. तीर्थयात्रेचा हिशेब निराळा. तेथे दर्शन हाच हेतू असल्याने पंचतीर्थीत रोज मुक्काम हलला तरी चालते. तसेच ज्या तरुणांना पाठीवर एक पिशवी टाकून चार गावे पाहायची आहेत, त्यांना अडवू नये. वयाच्या विशीत तोही एक अभ्यासच असतो. पण आजी आणि नातवंडे बरोबर असतील, तर एका गावचा मुक्काम सर्वांना मानवतो.

मोकळ्या दिवसाला काही कर्तबगार मंडळी हरकत घेतात. काहीच न करता बसायचे तर घर काय वाईट, असे ते म्हणतात. घरी ते बसत नाहीत, हेच त्याचे उत्तर आहे. सकाळी नऊला गल्ल्यावर जाणारा आणि रात्री हिशेब मिटवून परतणारा बाप मुलांना वर्षभर फक्त रविवारी भेटतो. सुट्टीतही पहिले दोन दिवस त्याच्या कानाला फोन असतो, कारण दुकानाचे प्रश्न एका रात्रीत सुटत नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन कमी होतात. चौथ्या दिवशी तो वाळूवर बसतो, आईजवळ जुन्या गोष्टी काढतो, मुलीच्या मैत्रिणींची नावे विचारतो. ज्या सहलीत तिसऱ्या दिवसापर्यंत तीन गावे बदलून झाली, त्या सहलीत हा चौथा दिवस गाडीत जातो.

म्हणून यंदा आराखडा करताना गावांची यादी बाजूला ठेवून आधी सोबत येणाऱ्यांची यादी लिहावी. आजींच्या नावापुढे काय लिहायचे, हे त्यांनाच विचारावे. जय जिनेन्द्र.