रविवारचे शिकारी

सांप्रत पुणें व पिंपरी-चिंचवड येथील सुशिक्षित कुटुंबांत पक्षी पाहावयास जाण्याची हौस वाढीस लागली आहे. रविवारीं पहाटे मोटारी निघतात. कोणी भिगवणला उजनीच्या जलाशयावर रोहित पाहावयास जातो, कोणी कवडीपाटला मुळामुठेवर चक्रवाकांसाठीं. आणि ज्यांस इतकी दूरची खटपट नको, ते आळंदीस इंद्रायणीच्या कांठीं येतात. हौस वाईट नव्हे. पत्ते कुटण्यापेक्षां किंवा दुकानांच्या झगमगाटांतून मुलांस हिंडविण्यापेक्षां नदीकांठीं दोन तास काढणें केव्हांहि श्रेयस्कर, हें आम्ही आरंभींच मान्य करून टाकतों. परंतु या मंडळींच्या हातांत दुर्बीण व वही क्वचितच दिसते. दिसतें तें लाख रुपयांचें, हातभर लांबीचें भिंग. आमचा वाद त्या भिंगाशीं नाहीं. त्याच्या मागें उभ्या असलेल्या वृत्तीशीं आहे.

या छंदाच्या कैवाऱ्यांकडून एक मुद्दा नेहमीं पुढें केला जातो. पूर्वींचे लोक पक्षी मारीत, आम्ही फक्त त्यांचें चित्र घेतों, असें ते म्हणतात. बंदुकीपेक्षां कॅमेरा शतपट बरा, याविषयीं दुमत नाहीं. सलीम अली यांची पक्षिविद्येशीं ओळख मुळीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीमुळें झाली. पण ती चिमणी हातीं आल्यावर त्या मुलास ‘ही कोणती?’ असा प्रश्न पडला आणि तो प्रश्न घेऊन तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारीं गेला. आमच्या रविवारच्या गृहस्थास चित्र मिळालें कीं प्रश्नच उरत नाहीं! त्याच्या शोधाचा तेथें शेवट होतो आणि तो पुढल्या पक्ष्याकडे वळतो.

शिवाय हें चित्र फुकट मिळत नाहीं. त्याची किंमत पक्षी देतो. टिटवीचेंच उदाहरण घ्या. ती उघड्या माळावर अंडीं घालते. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत अंड्यांस ऊब देण्यापेक्षां त्यांस थंड ठेवणें हेंच तिचें मोठें काम असतें. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून ती परत येते व अंड्यांवर बसते. अशा वेळीं एखादे सद्गृहस्थ दहा हातांवर पालथे पडून अर्धा तास चित्रें घेत राहतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, आणि यांस वाटतें, काय सुंदर आविर्भाव मिळाला! खालीं अंडीं तापत असतात. घरट्याच्या आडव्या येणाऱ्या फांद्या छाटून ‘दृश्य मोकळें’ करणारे महाभाग तर याहून वरचे. छाटलेल्या फांदीमुळें कॅमेऱ्यास पिलें दिसूं लागतात, तशीं तीं कावळ्यासहि दिसूं लागतात. पावसाळ्याच्या तोंडीं वीण करणाऱ्या नवरंगास फोनवरून त्याच्याच जातीची शीळ ऐकवून बाहेर काढणें हा आणखी एक पराक्रम. प्रतिस्पर्धी आला अशा समजुतीनें बिचारा आपला उद्योग टाकून भांडावयास येतो. कुरवांस शेव-फरसाण टाकून डोक्याभोंवतीं उडविणाऱ्यांविषयीं न लिहिलेलें बरें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तींत वन्य पक्ष्यांचीं अंडीं किंवा घरटीं यांस उपद्रव देणें हेंहि येतें. म्हणून वरील मथळा केवळ अलंकार म्हणून योजिला आहे असें कोणीं समजूं नये.

तथापि आमची मुख्य तक्रार याहून निराळी आहे, आणि ती आळंदीस जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र दिसत नाहीं. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, देहूवरून आळंदीस येते व तुळापुरास भीमेस मिळते. वाटेंत पिंपरी-चिंचवडची अफाट वस्ती व कारखाने यांचें सांडपाणी तिच्या पदरीं पडतें. साबण व धुण्याच्या भुकट्या यांतील द्रव्यें पुरतीं शुद्ध न होतां नदींत उतरतात आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळलें कीं घुसळून त्यांचा फेस होतो. अलीकडे पालखीच्या प्रस्थानाच्या सुमारास हा पांढरा फेस वर्तमानपत्रांत वारंवार झळकला आहे. ज्या गांवीं १२९६ सालीं ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, त्या गांवचें हें तीर्थ! भाविक त्यांत स्नान करतात आणि ओंजळीनें प्राशनहि करतात.

आतां याच पाण्यांत लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उभा असतो. आमचे छायाचित्रकार त्याचें चित्र घेतात. चौकट अशी धरतात कीं वाहून आलेला कचरा बाहेर राहावा. मागचा फेस भिंगाच्या करामतीनें धूसर होऊन शरदांतल्या ढगांसारखा दिसतो. चित्रास वाहवा मिळते. पाहणारास वाटतें, पक्षी इतके आनंदांत आहेत तर नदी चांगलीच असली पाहिजे. वास्तविक शेकाट्याचे थवे ही चांगल्या पाण्याची साक्ष नव्हे. सांडपाण्याच्या गाळांत वाढणाऱ्या अळ्या व किडे यांवर तो सुखानें जगतो. उलट खंड्या व नदीसुरय हे पाण्यांतली मासळी डोळ्यांनीं हेरून सूर मारणारे. पाणी गढूळ झालें, मासे मेले, कीं त्यांना निघून जाणें भाग पडतें. पण ज्याच्या संग्रहीं खंड्याचें उत्तम चित्र आधींच आहे, त्यास तो गेल्याचें कळणार कसें? तो त्याला पुन्हा शोधीतच नाहीं. नसलेल्या पक्ष्याचें छायाचित्र निघत नाहीं. त्याची नोंद फक्त मोजणाऱ्याच्या वहींत होते.

असे मोजणारे आपल्याकडे होऊन गेले आहेत. पुण्याचे प्रकाश गोळे यांनीं प्रदूषित नदीवरील पक्षी हाच विषय घेऊन १९८४ सालीं नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनखात्याची नोकरी करीत असतां जन्मभर टिपणें ठेविलीं. त्यांचा ‘पक्षिकोश’ त्या टिपणांच्या जोरावर उभा आहे. छायाचित्रांचा उपयोगच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पायांतील कड्यावरचा आंकडा चित्रांत वाचतां आला, तर पक्षी कोठून आला हें कळतें. पण त्यासाठींहि दिवस, स्थळ व संख्या लिहून ठेवावी लागते, आणि तेवढाच कंटाळवाणा भाग आमच्या मंडळींस नको असतो.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. आळंदीचा एकच घाट निवडावा. वर्षभर दर रविवारीं तासभर तेथें बसावें. दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजून लिहावा, कावळ्यासुद्धां. (ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत शकुन सांगण्याचा मान ज्याला मिळाला, तो कोणत्याहि प्रदर्शनांत आम्हांस अद्याप आढळलेला नाहीं.) त्याच पानावर पाण्याचा रंग, वास व फेस यांचीहि नोंद करावी. मुलांस बरोबर घ्यावें. दहा वर्षांचें मूल मोजणींत बापापेक्षां कमी चुकतें, कारण त्यास वाहवा मिळवावयाची नसते. ‘ई-बर्ड’सारख्या जाहीर यादींत हे आंकडे घालण्याची सोयहि आतां झाली आहे. अशीं पांच-सात वर्षें गेलीं, तर आषाढीच्या तोंडावर फेसाचा प्रश्न पुन्हा निघेल तेव्हां आळंदीकरांस सरकारी कचेरींत नुसती तक्रार नेण्याऐवजीं वह्या नेतां येतील.