गुडघे टेकले नाहीत म्हणून भक्ती कमी?

मागच्या महिन्यात मिस्साला माझी आई बसूनच राहिली. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. फादरांनी भाकर उंच धरली तेव्हा तिने बसल्या बसल्या हात जोडले आणि जमेल तेवढी वाकली. बाहेर आल्यावर एका गृहस्थांनी मला ऐकवलं, "हल्ली लोकांना देवापुढे गुडघे टेकायलाही जड जातं." आई शेजारीच होती. तेव्हा काही बोलली नाही. पुढच्या रविवारी म्हणाली, "तू जा रे, मी टीव्हीवर मिस्सा बघते."

म्हणून लिहितोय.

मिस्साच्या नियमपुस्तकातच आहे की प्रकृती किंवा जागेची अडचण असेल तर गुडघे टेकायची सक्ती नाही, त्या वेळी खोल नमन करावं. म्हणजे आईचं काही चुकलं नव्हतं. आणि 325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेने तर रविवारी उभं राहूनच प्रार्थना करा असं ठरवलं होतं! तेव्हा गुडघे टेकणं ही पश्चात्तापाची खूण होती आणि रविवार पुनरुत्थानाचा. आपल्याकडे 1969 साली रोमने भारतीय पद्धतींना मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमन, चुंबनाऐवजी वस्तूला हात लावून तो कपाळाला लावणं. वहीला पाय लागला की आपण लहानपणी करायचो, तेच.

याचा अर्थ शरीराने काय करतो याला किंमत नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट एका हातात मोबाईल धरून, पडलेलं नाणं उचलल्यासारखा अर्धा गुडघा वाकवणारे बघितले की माझं डोकं फिरतं. (मीही घाईत तसं केलंय, कबूल.) आमचे पप्पा दिवसभर केळीच्या वाडीत राबायचे. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढे कधी वाकले नाहीत. तोच माणूस संध्याकाळी रोझरीला मातीने भरलेले पाय मागे घेऊन थेट जमिनीवर गुडघे टेकायचा. आम्हा पोरांना 'बसा' म्हणून कधी सांगावं लागलं नाही. देव म्हणजे कोण, हे मला आधी तिथे कळलं, धर्मशिक्षणाचा वर्ग नंतर.

पण पप्पांनी शेजारच्याचे गुडघे कधी मोजले नाहीत. म्हाताऱ्या आजी खाटेवर पडूनच रोझरी म्हणायच्या, तीही त्याच रोझरीत धरली जायची.

या रविवारी आईला रिक्षाने चर्चमध्ये नेतोय. ती बसूनच असेल. कुणाला काही बोलायचंच असेल तर बाहेर आल्यावर मला बाजूला घ्या, तिच्या कानावर नको.