जागरण आणि ज्ञानाची देवघेव

सरकारी रुग्णालयातील वरिष्ठ निवासी डॉक्टर नवख्यांना समजावून सांगत नाहीत, शंका विचारली की खेकसतात, ही तक्रार जुनी आहे. तिचे खापर तरुण पिढीच्या उद्दामपणावर फोडले जाते आणि सौजन्याचे पाठ दिले जातात. हे पाठ देणाऱ्यांची स्वतःची रात्रीची झोप बहुधा शाबूत असते.

वैद्यकाची निम्मी विद्या खाटेशेजारी असते. कोणत्या रुग्णाची लघवी संध्याकाळपासून कमी झाली, कोणाचा ताप उतरूनही चेहरा उतरलेलाच आहे, हे सारे केसपेपरवर येत नाही. पाळी बदलताना ते तोंडी सांगावे लागते आणि हे सांगणे हेही श्रमाचेच काम आहे. महत्त्वाचे काय ते निवडावे लागते, समोरच्याला काय ठाऊक नाही हे ओळखावे लागते, त्याच्या शंकेसाठी थांबावे लागते. सवयीचे काम शिणलेले हातही रेटून नेतात; दुसऱ्यासाठी विचार करण्याची ही तयारी मात्र जागरणाने आटते. म्हणून वरवर पाहणाऱ्याला रुग्णालय सुरळीत चाललेले दिसते.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका १८ वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूने हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९८९ पासून त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा लागू झाली. बोस्टनमधील अतिदक्षता विभागांच्या २००४ च्या अभ्यासात, जुन्या लांब पाळ्यांत गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. तास घटवले की पाळ्या वाढतात आणि हस्तांतरात माहिती गळते, हा आक्षेप निराधार नव्हे. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ रुग्णालयांच्या अभ्यासात हस्तांतराची शिस्तबद्ध पद्धत शिकवताच टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या.

भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेने सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे असे सांगितले. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत 'वाजवी' तास आले. वाजवी किती, हे कामावर लावणाऱ्यानेच ठरवायचे! २०२४ च्या राष्ट्रीय कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. १९४८ च्या कारखाना कायद्याने गिरणी कामगाराला ४८ तासांची मर्यादा मिळवून दिली होती, हे येथे आठवावे.

याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. विद्यावेतन महिन्याचे ठरीव असते. डॉक्टर साठ तास राबला काय नि शंभर तास राबला काय, तिजोरीवर वाढीव भार पडत नाही. ज्या श्रमाचा पुढचा तास फुकट मिळतो, त्याच्या जागी रिक्त पद भरण्याची निकड कोणालाच भासत नाही. किंमत चुकते ती रुग्ण. आणि सरकारी खाटेवर कोणत्या वर्गातील माणूस झोपतो, हे सांगणे न लगे. खुद्द डॉक्टरांच्या संपातही विद्यावेतन, वसतिगृह आणि सुरक्षितता यांपुढे तासांची मागणी मागे पडते, हे त्यांच्या संघटनांनीही तपासावे.

अभ्यागत समित्यांवर असलेल्या कार्यकर्त्यांनी औषधांच्या तुटवड्याइतक्याच आग्रहाने ड्यूटीचा तक्ता मागावा. आणि पाळी बदलतानाचा अर्धा तास त्यात कामाचा म्हणून धरला आहे की नाही, याचे लेखी उत्तर घ्यावे.