कोलामी संहितेचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील लोकसाहित्याचा विचार करताना कोलामीला वऱ्हाडी आणि झाडीबोलीच्या पंक्तीला बसवून 'स्थानिक बोली' म्हणण्याची प्रथा मराठीच्या अभ्यासकांत रूढ आहे. ही प्रथा निरुपद्रवी वाटते. तशी ती नाही. वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे. कोलामी ही द्राविड कुळाच्या मध्य शाखेतील स्वतंत्र भाषा आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, म्हणजे १९०६ मध्येच, तिचा समावेश द्राविड भाषांत झाला होता. पाण्याला ईर, घराला एल्ला आणि झाडाला माक म्हणणाऱ्या भाषेचे नाते तेलुगूतील नीरु, इल्लु यांच्याशी आहे, हे कळायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रश्न केवळ वर्गीकरणाचा असता तर तो भाषाशास्त्रज्ञांवर सोपवता आला असता. परंतु 'बोली' हा शब्द संकलनाची पद्धतच ठरवून टाकतो. बोलीतील गीत थोडे प्रमाण करून दिले तरी मूळ बरेचसे शाबूत राहते, या समजुतीने कोलामी गीतकथाही थेट मराठीत उतरविल्या जातात आणि त्यालाच संकलन म्हटले जाते. प्रत्यक्षात तो अनुवाद असतो, आणि त्याची मूळ संहिता कोठेही उरलेली नसते.

काय हरवते, हे एका सर्वनामावरून पाहता येईल. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. कोलामीत माणसांतील पुरुष एका बाजूला आणि स्त्री, पशुपक्षी, झाडे, वस्तू असे सारे दुसऱ्या बाजूला, अशी दोनच. त्यामुळे 'अद' हे एकच सर्वनाम बाईलाही लागते आणि वाघालाही. कथेत रानातून 'अद' येत असल्याचे निवेदकाने सांगितले, तर येणारे कोण हे तो हवे तितका वेळ झाकून ठेवू शकतो. मराठी अनुवादकाला पहिल्याच वाक्यात निवड करावी लागते आणि श्रोत्याची उत्कंठा तेथेच संपते. (हे मराठीत समजावून सांगतानाही क्रियापदाचे लिंग चुकवावे लागते.) अशा अनुवादावरून कोलामी कथनशैलीविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे मराठी वाक्यरचनेविषयीच निष्कर्ष काढणे होय.

याबाबतीत पूर्वसूरी अधिक सावध होते. सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. एमेनो यांनी १९३०च्या दशकात वर्धा जिल्ह्यात ऐकलेली कोलामी १९५५ च्या ग्रंथात मूळ उच्चारांसह नोंदविली. दोन्ही कामे इंग्रजीत आहेत, आणि मराठी विभागांच्या वाचनयाद्यांत ती क्वचितच आढळतात.

पैनगंगेच्या पलीकडे चित्र वेगळे आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशाने २००४ पासून प्राथमिक शाळांसाठी जे बहुभाषिक शिक्षण सुरू केले, त्यात कोलामीचा समावेश होता. पुस्तके तेलुगू लिपीत होती. त्या उपक्रमाच्या यशापयशाविषयी मतभेद असू शकतील. तरी एकाच भाषेच्या दोन तीरांवर दोन लिपी असणार, हे त्यातून स्पष्ट होते, आणि अलीकडच्या तीराची लिपी कशी असावी यावर मराठी अभ्यासकांनीच विचार करायचा आहे. कोलामीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही आहेत. प्रचलित मराठी लेखन हा भेद दाखवीत नाही. वर दिलेला 'एल्ला' हा शब्दही त्या अर्थी अपुराच लिहिला गेला आहे. ऱ्हस्व ऎ व ऒ यांची चिन्हे देवनागरीत उपलब्ध आहेत. ती वापरण्याचा निर्णय तेवढा हवा.

ओनेगा सरोवराच्या परिसरातील वेप्स लोकांना १९३०च्या दशकात लिपी मिळाली, शालेय पुस्तके निघाली आणि १९३७ मध्ये राजाज्ञेने सारे थांबले. अर्धशतकानंतर पुनरुज्जीवन सुरू झाले, तेव्हा फिन्निश अभ्यासकांनी मूळ भाषेत टिपून ठेवलेले नमुने हाताशी होते. कोलामीवर कोणी बंदी घातलेली नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख २८ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. मात्र पोडावरील बहुतेक माणसे आता द्विभाषिक आहेत, आणि संकलक समोर बसला की निवेदक सौजन्याने मराठीकडे वळतो. सोय दोघांचीही होते.

म्हणून प्रबंधासाठी एक किमान अट असावी: कोलामी गीत वा कथा मूळ शब्दांत, त्याखाली शब्दशः अर्थ, मग अनुवाद, आणि ध्वनिमुद्रण विभागाच्या ग्रंथालयात. मार्गदर्शकाला कोलामी येत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु केळापूर, झरी-जामणी, मारेगावच्या पोडांवरून जो विद्यार्थी एम.ए.च्या वर्गात येतो, त्याला ती येते; आजवर त्या वर्गात त्याला ती कोणी विचारलेली नाही.